स्वतःचं घर बांधताना पैसा आधी कुठे लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधायला निघालेली माणसं पहिल्या भेटीत साधारण हेच प्रश्न विचारतात. त्यांना तोंडी जी उत्तरं देतो तीच इथे लिहिली आहेत. काही मतं माझी आहेत. ती न पटणारे चांगले इंजिनिअरही तुम्हाला भेटतील.

बजेटची सुरुवात कुठून करायची?

हातात एकूण किती पैसा येणार आहे, तिथून. घर केवढं हवं, तिथून नव्हे.

बहुतेक जण उलटं करतात. आधी मनात घर उभं करतात, त्याचं क्षेत्रफळ काढतात, कुणीतरी सांगितलेल्या दराने गुणतात आणि आलेल्या आकड्याला बजेट म्हणतात. त्या आकड्यात घराच्या भिंतींबाहेरचं काहीच नसतं. नकाशाची फी, स्ट्रक्चरल डिझाइन, माती परीक्षण, परवानग्या, वीज आणि पाण्याची जोडणी, सांडपाण्याची सोय, कंपाउंड, गेट, जमिनीची भरणी, कर्ज असेल तर त्याचं व्याज, बांधकाम चालू असताना दुसरीकडे राहण्याचं भाडं, आणि शेवटी पडदे, कपाटं, पंखे. यातलं काहीही टळत नाही.

तुमच्याकडच्या पैशाचे १०० भाग आहेत असं धरा. फी, परवानग्या आणि जोडण्यांसाठी १० बाजूला काढा. कंपाउंड, टाक्या, अंगण यांना १०. फर्निचर आणि राहायला जाण्याच्या खर्चाला १०. अडीअडचणीला किमान १०. उरले ६०. घर या ६० भागांत बसवायचं आहे. हे आकडे माझ्या सवयीचे आहेत, प्लॉट उताराचा किंवा खडकाळ असेल तर बदलतील. पण शंभरचे साठ होतात हे पहिल्याच दिवशी कागदावर दिसलं की पुढचे सगळे निर्णय शहाणपणाने होतात.

चौरस फुटाचा दर काय धरायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त फसवतोही.

दर सांगणाऱ्याला आधी विचारा, चौरस फूट कुठला? भिंतींसकट की भिंती सोडून? बाल्कनी, जिना, पोर्च धरलेत का? पाया किती खोल गृहीत धरलाय? खिडक्या कशाच्या? दोघांनी सांगितलेले दर सारखे दिसतात आणि आतला माल निराळा असतो.

दुसरी गंमत अशी की लहान घराचा दर नेहमी जास्त येतो. स्वयंपाकघर, बाथरूम, जिना हा घरातला महाग भाग. घर लहान केलं तरी तो फारसा लहान होत नाही. मोठ्या घरात तो खर्च रिकाम्या खोल्यांवर पसरतो आणि दर उतरतो. मग कंत्राटदार म्हणतो, ‘साहेब, अजून एक खोली घ्या, रेट खाली येईल.’ रेट येतोही खाली. एकूण बिल मात्र वर जातं, आणि तुम्हाला भरायचं असतं ते बिल.

आर्किटेक्टला खरं बजेट सांगावं का? तो तेवढं सगळं खर्चून टाकेल ना?

सांगावं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही आकडा कमी करून सांगितला की तो त्या आकड्याचं घर काढतो, मग तुम्ही एकेक गोष्ट वाढवत नेता आणि मूळ आखणी विस्कटते. राखीव रक्कम मात्र स्वतःपाशी ठेवा. ६० भागांचं घर काढायचं असेल तर ६० सांगा, ७० नको आणि ५०ही नको.

मग पैसा आधी कशावर लावायचा?

मी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावतो: दहा वर्षांनी हे बदलायचं ठरवलं तर काय फोडावं लागेल?

पाया बदलायचा तर घरच पाडावं लागेल. कॉलम, बीम, स्लॅब यांचंही तेच. म्हणून इथे हात आखडता घ्यायचा नाही. त्याखालोखाल बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि भिंतीत गाडलेल्या पाइपलाइन. तिथे फरशी आणि टाईल्स फुटतात, आणि तो रंग, तो डिझाइन नंबर तोवर बाजारातून गेलेला असतो. मग कन्सिल्ड वायरिंगचे पाइप. मग खिडक्या: चौकट काढायची म्हणजे कडेचा गिलावा जातो, रंग जातो. जिन्याच्या पायऱ्या एकदा अडचणीच्या झाल्या की जन्मभर अडचणीच्या.

आता दुसऱ्या टोकाला या. बेसिनचा नळ बदलायला काय फोडावं लागतं? काहीच नाही, पाना लागतो. दिवे, पंखे, कपाटाचे दरवाजे, रंग, पडदे, हँडल या गोष्टी कधीही चांगल्या घेता येतात. पण माणसाचं मन याच गोष्टींत अडकतं, कारण त्याच दिसतात. पाहुणा येऊन पायातलं काँक्रीट बघत नाही.

फरशी मधली. ती फोडायला त्रास होतो, पण अशक्य नाही. म्हणून मी मध्यम दर्जाची, ज्यादा खोकी सहज मिळतील अशी घ्यायला सांगतो. चार-पाच खोकी माळ्यावर टाकून ठेवायची.

याच हिशेबातली एक गोष्ट जवळजवळ फुकट आहे. गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. पाइप आणि कंड्युइट, म्हणजे वायर ओवायच्या नळ्या, उघडे दिसत असताना, भिंतीला उलगडलेला टेप टेकवून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर वाचता येईल असे. चार वर्षांनी पडद्याच्या रॉडसाठी ड्रिल मारणाऱ्याच्या हातात तो फोटो द्या.

म्हणजे स्ट्रक्चरवर सढळ हाताने खर्च करायचा?

नाही. योग्य खर्च करायचा. यात गल्लत झाली की पैसाही जातो आणि मजबुतीही मिळत नाही.

‘घर पक्कं व्हायला हवं, दोन सळया जास्त टाका,’ असं सांगणारे मालक मी भरपूर पाहिलेत. बीममध्ये सळया इतक्या दाटल्या की त्यांच्यामधून खडी खाली उतरतच नाही. खाली पोकळ्या राहतात. शिवाय बीममध्ये प्रमाणाबाहेर लोखंड असेल तर भार वाढल्यावर तो वाकून, तडे दाखवून इशारा देत नाही, काँक्रीट अचानक चिरडतं. किती सळई कुठे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या आणि त्याने काढलेलं तसंच बांधा.

खरा पैसा तीन ठिकाणी लावा. पहिलं माती परीक्षण. काही चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. अशा जमिनीवर नेहमीचा उथळ पाया घातला तर दर ऋतूत भिंतींना नवे तडे. परीक्षणाचा खर्च पायाच्या खर्चापुढे किरकोळ, आणि कधीकधी जमीन चांगली निघाली की पाया कमी खोल करता येऊन पैसे वाचतातही. दुसरं डिझाइन. तिसरं देखरेख.

देखरेख म्हणजे काय ते स्लॅबच्या दिवशी कळतं. मिक्सरवरच्या माणसाला माल घट्ट वाटतो, ओतायला जड जातो. तो कुणाला न विचारता अर्धी बादली पाणी ओततो. माल झकास वाहायला लागतो, सगळ्यांचे हात भराभर चालतात, आणि त्या खेपेच्या काँक्रीटची ताकद तिथेच उतरते. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि आपल्या जागी बारीक छिद्रं ठेवून जातं. त्या छिद्रांतून ओल सळईपर्यंत पोचते. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं ढकलून देतं. जुन्या स्लॅबच्या खालून पडणारे खपले आणि उघड्या पडलेल्या तांबूस सळया आठवा. त्या बादलीजवळ उभं राहणारा माणूस हवा. त्याचा पगार हा माझ्या मते अख्ख्या बांधकामातला सगळ्यात वसूल होणारा खर्च.

सळई साच्यापासून उचलून धरायला तिच्याखाली कव्हर ब्लॉक, काँक्रीट बसवायला व्हायब्रेटर आणि क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, यांनाही फारसे पैसे लागत नाहीत. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरली जाते. पहिले सात दिवस तरी ते ओलं राहायलाच हवं, त्याहून जास्त ठेवलंत तर उत्तम. सकाळी एकदा पाइप फिरवून दुपारी स्लॅब कोरडा ठणठणीत, याला क्युरिंग म्हणत नाहीत.

बजेट बसत नाही. दर्जा कमी करू की घर लहान करू?

घर लहान करा. जवळजवळ नेहमीच.

१२ बाय १४ फुटांची खोली १६८ चौरस फुटांची. दोन्हीकडे दोन-दोन फूट वाढवले की १४ बाय १६, म्हणजे २२४. ‘दोनच फूट’ म्हणता म्हणता खोली एक तृतीयांश वाढली. फरशी, स्लॅब, छताचा रंग तितकाच वाढला. स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, वाढला की बीमही जड होतो. आणि त्या खोलीत तुम्ही जे करणार होतात तेच करणार आहात.

नकाशावर पेन्सिलीने फर्निचर काढून बघा. पलंग, कपाट, कपाटाचं दार उघडल्यावर उभं राहायची जागा. मग जमिनीवर चुन्याने खोली आखून तिच्यात फिरा. एक सावधगिरी, मोकळ्या प्लॉटवर आखलेली खोली नेहमी इवलीशी वाटते. प्लिंथ, म्हणजे जोतं, झाल्यावर तर प्रत्येक मालक घाबरून फोन करतो. भिंती चढल्या की ती पुन्हा मोठी वाटायला लागते. तेव्हा राहत्या घरातली खोली टेपने मोजा आणि तिच्याशी तुलना करा, डोळ्यांवर विसंबू नका.

वर्षातून चार दिवस वापरायची पाहुण्यांची खोली, कोण केव्हा बसणार हे ठाऊक नसलेली दुसरी बाल्कनी, नुसतं जाण्यायेण्यासाठीचं पॅसेज. कात्री आधी इथे लावा.

नकाशाच्या आकाराने खर्चात खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. १० बाय १० मीटरचं घर १०० चौरस मीटरचं, बाहेरच्या भिंतींची लांबी ४० मीटर. ५ बाय २० मीटरचंही १०० चौरस मीटरचंच, पण भिंत ५० मीटर. राहायची जागा तेवढीच, आणि पाया, भिंत, बाहेरचा गिलावा, रंग पाव पट जास्त. प्रत्येक जादा कोपऱ्याला कॉलम वाढतो, शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) वाढतं, पाणी मुरायला आणखी एक सांधा मिळतो. अरुंद प्लॉट असेल तर इलाज नाही. पण प्लॉट चौरस असताना दर्शनी भागाला नक्षी म्हणून आत-बाहेर करत गेलेल्या भिंती म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

बाथरूम आणि स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून ठेवा, वरच्या मजल्यावरचं बाथरूम खालच्याच्या डोक्यावर घ्या. पाइप कमी लागतो आणि गळती झालीच तर शोधायची जागा एकच राहते.

बाथरूममध्ये किती खर्च करावा?

टाईल्सच्या वर जे दिसतं त्यावर हवा तेवढा. टाईल्सच्या खाली जे आहे त्यावर पुरेसा, आणि आधी.

हे मी माझ्याच घरात शिकलो. दुसऱ्यांच्या घरांवर देखरेख करणारा माणूस स्वतःच्या घराच्या वेळी घाईत होता. वॉटरप्रूफिंगचा शेवटचा हात शुक्रवारी झाला, टाईल्सचा मिस्त्री शनिवारी मोकळा होता आणि पुढे महिनाभर मिळणार नव्हता. पाणी भरून बघायची चाचणी सोडून दिली. दोन वर्षांनी खालच्या खोलीच्या छतावर तळहाताएवढा पिवळट डाग उमटला. मोरीच्या तोंडाशी, जिथे पाइप स्लॅबमधून खाली जातो, तिथला सांधा नीट भरला नव्हता. बोटभर फट होती. तेवढ्यासाठी अख्खी जमीन फोडली, आणि नव्या टाईल्स जुन्यांशी अजून जुळत नाहीत.

चाचणी साधी आहे. मोरीचं तोंड बंद करा, जमिनीवर दोन-तीन बोटं पाणी साठवा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि किमान २४ तास, जमल्यास ४८ तास थांबा. पातळी आणि खालचा स्लॅब दोन्ही बघा. मिस्त्री मोकळा असला तरी थांबा.

घर गार किंवा उबदार ठेवण्यावर आत्ता खर्च करावा की नंतर मशीन लावावं?

आधी फुकटचं पदरात पाडून घ्या. खोल्यांची दिशा ठरवायला पैसे लागत नाहीत. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं येतं, ते वरच्या छज्जाला दाद देत नाही. म्हणून त्या बाजूला मोठी काच टाळा, तिथे जिना, कपाटं, बाथरूम टाका. समोरासमोर उघडणाऱ्या दोन खिडक्या एका भल्यामोठ्या खिडकीपेक्षा जास्त वारा देतात.

त्यानंतर छप्पर. उन्हाचा सगळ्यात मोठा मारा तिथे असतो आणि थंड प्रदेशात ऊबही तिथूनच निघून जाते. छताचं इन्सुलेशन बांधतानाच करून घ्या. खिडक्यांचं म्हणाल तर उघडणारी प्रत्येक झडप महाग पडते. सगळ्या झडपा उघडायची गरज नसते, काही भाग बंद काचेचा ठेवला की त्याच पैशात चांगली चौकट येते.

तीन कोटेशन आली आहेत. सगळ्यात कमीचं घेऊ?

तिन्ही एकाच यादीवर दिलेली आहेत का ते आधी पाहा. कंत्राटदाराला नुसता नकाशा देऊन आकडा मागितला तर प्रत्येक जण आपल्या मनातल्या घराचा आकडा देतो. आर्किटेक्टकडून परिमाणांची यादी करून घ्या: किती घनमीटर काँक्रीट, किती किलो सळई, किती चौरस मीटर गिलावा, किती लाइट पॉइंट. मग दर भरून मागा. एखाद्याने पायाचं खोदकाम नाममात्र दरात टाकलं असेल तर सावध व्हा. खाली खडक लागला की ‘हे आपल्या बोलण्यात नव्हतं’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्या, झालेल्या कामापुढे धावू नका. प्रत्येक बिलातून पाच ते दहा टक्के रोखून ठेवायचे, ताबा घेऊन काही महिने गेल्यावर सोडायचे, हे करारातच लिहा. चांगला कंत्राटदार याला नाही म्हणत नाही.

माल आपण आणून दिला तर वाचतं का?

तुमच्याकडे वेळ असेल, साठवायला कोरडी जागा असेल आणि रोज साइटवर जाणार असाल तर थोडंफार. सिमेंट मात्र स्वस्त मिळालं म्हणून सहा महिन्यांचं भरू नका. ओल धरतं, पोतं दगड होतं. तीन महिन्यांवर पडलेल्या सिमेंटचा मी तरी भरवसा धरत नाही. नळ, दिवे, टाईल्स स्वतः निवडा, वाळू-खडी कंत्राटदारावर सोडा.

बजेट नेमकं कुठे फुटतं?

‘आता मिस्त्री आहेच तर’ या वाक्यापाशी.

आता मिस्त्री आहेच तर ही भिंत दोन फूट सरकवू. आता प्लंबर आहेच तर गच्चीवर एक बेसिन काढू. प्रत्येक बदल सुटा बघितला तर लहान असतो. पण भिंत सरकली की स्विचबोर्ड सरकतो, दाराची चौकट सरकते, खालचा बीम मूळ जागीच राहतो. मी मालकांना एक वही करायला लावतो. बदल तोंडी सांगायचा नाही. वहीत लिहायचा, कंत्राटदाराने समोर रक्कम आणि जादा दिवस लिहायचे, दोघांनी सही करायची, मग काम. अर्धे बदल रक्कम वाचूनच रद्द होतात.

घरात एकमत होत नाही. काय करावं?

प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता तीन गोष्टी लिहायच्या, ज्यांच्यावाचून नवं घर जुन्यासारखंच वाटेल. तीनच. चिठ्ठ्या उघडल्या की बहुधा कळतं, भांडण ज्या झुंबरावरून चाललं होतं ते कुणाच्याच तीनात नाही.

वरचा मजला पुढे बांधायचा आहे. आत्ता काय करून ठेवू?

पाया आणि कॉलम आत्ताच वरच्या मजल्याच्या भाराचे करून घ्या. हे नंतर होत नाही, निदान स्वस्तात तरी नाही. जिन्याची जागा ठरवा. वर जाणारे पाइप आणि रिकामे कंड्युइट गच्चीपर्यंत नेऊन तोंडं बंद करा. कॉलमच्या सळया वर उघड्या सोडल्या असतील तर त्यांच्यावर सिमेंटचा लेप किंवा हलकं काँक्रीट चढवा, नाहीतर मजला चढायच्या आत त्या गंजून बारीक होतील.

स्मार्ट स्विच, ऑटोमॅटिक पडदे?

आत्ता नको. फक्त पुढे वायर ओवता यावी म्हणून एक-दोन मोठ्या व्यासाचे रिकामे पाइप टाकून ठेवा.

काम अर्ध्यावर आलं आणि पैसे कमी पडायला लागले. काय थांबवू?

पहिल्यांदा फर्निचर. जुनं कपाट नव्या खोलीत वर्षभर चालतं. मग कंपाउंडची शोभा आणि गेट, तात्पुरता साधा पत्रा लावा. मग आतला रंग, नुसता प्रायमर मारून राहता येतं, उलट भिंती पूर्ण सुकायला वेळ मिळतो. एक खोली आणि एक बाथरूम कुलूप लावून अपुरं ठेवा, पण बाथरूमचे पाइप आणि वॉटरप्रूफिंग पुरं करूनच. बाहेरचा गिलावा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि जिन्याचा कठडा ही कामं मात्र थांबवू नका. पावसाचं पाणी एकदा विटांत शिरलं की आतला प्रायमरसुद्धा टिकत नाही, आणि कठड्यावाचूनच्या जिन्यावरून पोरं पहिल्याच दिवशी धावतात.